समता कीं सवलत?

सकाळीं आठ-साडेआठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर जो उभा राहिला असेल त्याला गर्दी या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागत नाहीं. गाडी येते ती कल्याणहूनच भरून आलेली असते. दारांत लोंबकळणारे पुरुष पाय टेकण्यापुरती जागा शोधतात, आणि बायकांच्या डब्याकडे पाहून त्यांतील एखादा हटकून म्हणतो, "समान हक्क पाहिजेत ना? मग डबा निराळा कशाला?" आजूबाजूचे लोक हंसतात, गाडी सुटते, आणि प्रश्न फलाटावरच राहतो.

हा प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा मात्र नाहीं. स्त्रीवादावर आज जे आक्षेप घेतले जातात त्यांपैकीं बहुतेकांचें बीज त्यांत आहे. स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचें स्थान हवें असेल तर तिनें विशेष सोयी कां मागाव्या? आणि विशेष सोयी हव्या असतील तर त्या मागणीला समता हें नांव कां द्यावें? स्त्रीवाद हा दोघांच्या समतेचा कैवारी आहे, कीं एकाच पक्षाचा वकील? याचें उत्तर शोधावयाचें तर प्रथम तो डबाच नीट पाहिला पाहिजे.

हिंदुस्थानांतील उतारूंची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली, आणि पुढच्याच वर्षीं लोहमार्ग कल्याणपर्यंत पोंचला. स्त्रियांसाठीं गाडींत निराळी जागा राखण्याचा नियम १८९० च्या रेल्वे कायद्यांत होता, आणि १९८९ च्या कायद्याच्या ५८ व्या कलमांतही तो कायम राहिला. नियम तोच असला तरी त्याचें प्रयोजन पार पालटलें. एकोणिसाव्या शतकांत या डब्यामागें पडदा व घरंदाजपणा यांची कल्पना होती. आज त्यामागें हजेरीची वेळ आहे. १९९२ सालीं चर्चगेट व बोरिवली यांच्या दरम्यान केवळ स्त्रियांसाठीं लोकल सुरू झाली, आणि पुढें कल्याणहून मुंबईस जाणारीही तशी गाडी धांवूं लागली; ती पडदानशीन स्त्रियांसाठीं नव्हे, तर कचेऱ्या, शाळा, इस्पितळें व दुकानें यांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठीं.

आतां विचार करावा. सामान्य डब्यांत स्त्रीनें चढूं नये असा कोणताही नियम नाहीं. तथापि ऐन गर्दीच्या वेळीं तेथें शिरणें म्हणजे रेटारेटीबरोबरच नको तो स्पर्शही सोसणें, हें प्रत्येक स्त्री जाणते. पुरुषाला त्या डब्यांत एकच अडचण असते, स्त्रीला दोन. राखीव डबा यांतील दुसरी अडचण दूर करतो. पहिली तो करूं शकत नाहीं, कारण बायकांच्या डब्यांतही गर्दी तितकीच असते. ही सोय तिला पुरुषाच्या पुढें नेत नाहीं. पुरुष ज्या वेळीं कामावर पोंचतो त्या वेळीं तिलाही पोंचवते, इतकेंच.

म्हणून दारांत लोंबकळणाऱ्या पुरुषाचें दुःख खोटें ठरतें काय? मुळींच नाहीं. ९ जून २०२५ रोजीं मुंब्रा स्थानकाजवळ दोन खचाखच भरलेल्या गाड्या एकमेकींजवळून जात असतां दारांतील कित्येक उतारू खालीं पडले, आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. अशा वेळीं स्त्रियांच्या डब्यावर रोष धरणें म्हणजे फिर्याद खरी असून आरोपी चुकीचा धरणें होय. गाड्या अपुऱ्या आहेत, आणि राहण्याची वस्ती एका टोकास तर काम दुसऱ्या टोकास आहे. हा दोष स्त्रियांनीं निर्माण केलेला नाहीं, आणि त्यांचा डबा काढून घेतल्यानें तो नाहींसाही होणार नाहीं.

निराळ्या सोयीच्या द्वारें समान क्षेत्रांत प्रवेश करण्याचा हा मार्ग कल्याणकरांना नवा नाहीं. १८६५ सालीं कल्याणच्या जोशी घराण्यांत यमुना नांवाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षीं लग्न होऊन ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षीं तिला मूल झालें, आणि तें दहाच दिवस जगलें. १८८३ सालीं अमेरिकेस निघण्यापूर्वीं बंगालमधील श्रीरामपूर येथें केलेल्या भाषणांत तिनें आपल्या जाण्याचें कारण सांगितलें: या देशांत स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे, कारण पुरुष वैद्याकडून उपचार करून घेण्यास येथील स्त्रिया संकोचतात. म्हणजे समाजांतील स्त्रीपुरुषांचें वेगळेपण ध्यानांत घेऊनच तिनें पुरुषांच्या विद्येचें दार ठोठावलें. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथील वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिनें मिळविली, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं होण्यापूर्वीं, पुण्यास तिचा अंत झाला.

या चरित्राला दुसरी बाजूही आहे. आनंदीबाईंना शिकविलें तें त्यांचे पति गोपाळराव यांनीं. पत्नीच्या शिक्षणासाठीं लोकनिंदा सोसणारा हा पुरुष अभ्यासाच्या बाबतींत तिच्याशीं अतिशय कठोरपणें वागत असे. एका पुरुषाच्या आग्रहामुळें एक स्त्री डॉक्टर झाली हें खरें. परंतु जो हक्क दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो तो हक्क नसून देणगी असते. देणगीचें रूपांतर हक्कांत करणें हेंच स्त्रियांच्या चळवळीचें मुख्य कार्य. ज्या वर्षीं आनंदीबाई परदेशगमनाचा विचार करीत होत्या त्याच सुमारास, १८८२ त, ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध प्रसिद्ध केला. त्याचें नांवच अर्थपूर्ण आहे. स्त्रीला ज्या तराजूंत तोलतां त्याच तराजूंत पुरुषालाही तोला, हा त्याचा आशय. वजन बदलून मागितलेलें नाहीं. तराजू एक असावा एवढेंच मागितलें आहे.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनेंही हाच तराजू स्वीकारला. तिच्या १४ व्या कलमानें कायद्यापुढें सर्व समान ठरले; १५ व्या कलमानें राज्यानें लिंगावरून भेदभाव करूं नये असें बजावलें; आणि त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमानें स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं विशेष तरतूद करण्याची मुभा ठेवली. समता आणि सवलत एकाच कलमांत शेजारीं शेजारीं बसल्या आहेत. यांत विसंगति नाहीं. मात्र धोका आहे. सवलत समतेची दासी राहिली तर ठीक. ती मालकीण झाली तर घात होतो.

याचें बोलकें उदाहरण म्हणजे भारतीय दंडविधानाचें ४९७ वें कलम. परस्त्रीशीं तिच्या नवऱ्याच्या संमतीवांचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषास पांच वर्षांपर्यंत कैद, आणि त्या स्त्रीस मात्र कांहींच शिक्षा नाहीं, असें हें १८६० पासूनचें कलम होतें. मुंबईतील एका आरोपीनें न्यायालयांत विचारलें कीं, दोघांचें कृत्य एक असतां एकट्या पुरुषाला शिक्षा कां? १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उत्तर दिलें कीं ही स्त्रियांसाठीं केलेली विशेष तरतूद आहे. १९८५ सालीं सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठानेंही तें कलम कायम राखलें. वरवर पाहतां हा स्त्रीवर अनुग्रहच होता. परंतु 'नवऱ्याच्या संमतीवांचून' हे शब्द पुन्हां वाचावे. नवऱ्याची संमति असेल तर गुन्हाच नाहीं! म्हणजे कायद्यानें स्त्रीला क्षमा केली ती ती निर्दोष म्हणून नव्हे, तर ती नवऱ्याची वस्तु म्हणून; आणि वस्तूला शिक्षा कशी करावी? २७ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें हें कलम रद्द केलें. त्या पीठांत यशवंतरावांचेच पुत्र धनंजय यशवंत चंद्रचूड हे होते. त्या निकालानें पुरुषावरील अन्याय दूर झाला आणि स्त्रीवरील अपमानही दूर झाला. एकाच घावांत दोन बेड्या तुटल्या.

सवलतीची कसोटी या दोन उदाहरणांवरून हातीं लागते. जी सवलत अडथळा दूर करून माणसाला समान जागीं आणून सोडते ती समतेची. जी त्याला दुबळें मानून आहे त्या जागींच बसविते ती विषमतेची. बायकांचा डबा पहिल्या प्रकारांत मोडतो, ४९७ वें कलम दुसऱ्या.

हीच कसोटी आतां घराच्या उंबरठ्याआंत लावावी. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणें मुलाचा नैसर्गिक पालक प्रथम बाप व त्याच्यानंतर आई. १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें 'नंतर' या शब्दाचा अर्थ बापाच्या मृत्यूनंतर एवढाच न घेतां त्याच्या अभावीं असा घेतला. तरी शब्द तेच राहिले. त्याच कलमांत पुढें म्हटलें आहे कीं पांच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावें. एकाच कलमांत बापाला अधिकार आणि आईला संगोपन! येथें आईचा हक्क कापला गेला तसेंच बापाचें वात्सल्यही कापलें गेलें. रजेचेंही तेंच. २०१७ च्या दुरुस्तीनें प्रसूतीची पगारी रजा पहिल्या दोन मुलांच्या वेळीं २६ आठवड्यांची झाली, हें योग्यच. परंतु केंद्र सरकारच्या नोकरास बाप झाल्याबद्दल १५ दिवसांची रजा मिळते, आणि खाजगी नोकरींतील बापास तेवढी तरी मिळावी असा सर्वसाधारण कायदा नाहीं. अशी रजा बापालाही द्या ही मागणी स्त्रीवादी मंडळीच वारंवार करीत आली आहेत.

या विभागणीचें फळ आंकड्यांत दिसतें. २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीप्रमाणें घरचें बिनमोल काम करणाऱ्या स्त्रियांचीं दिवसाचीं सरासरी २८९ मिनिटें त्यांत जातात, आणि तें करणाऱ्या पुरुषांचीं ८८. संध्याकाळीं ठाणें, डोंबिवली वा कल्याण येथें उतरणारीं नवराबायको सारख्याच गर्दींतून सारखींच दमून येतात. फलाटापर्यंत समता असते, ती जिना चढून घरांत शिरेपर्यंत टिकत नाहीं.

याचा अर्थ स्त्रियांच्या बाजूनें जें जें बोललें जातें तें सर्व निर्दोष असा नव्हे. सर्व पुरुष एका माळेचे मणी मानणारी भाषा तराजू मोडणारीच आहे. विवाहितेच्या छळाविरुद्धचें ४९८-अ कलम १९८३ सालीं आलें तें खऱ्या यातनांपोटीं. तथापि २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा तक्रारींत पोलिसांनीं आवश्यकता तपासल्यावांचून सरसकट अटक करूं नये असा दंडक घालून दिला. समतेवर श्रद्धा असलेल्या स्त्रीनें या दंडकाला भिण्याचें कारण नाहीं. आरोपीलाही न्याय मिळावा हें समतेचेंच अंग आहे.

तेव्हां स्त्रीवाद दोघांच्या समतेचा प्रतिनिधि आहे काय, या प्रश्नाचें उत्तर असें: जोंवर तो दोघांना एका तराजूंत तोलतो तोंवर आहे, ज्या क्षणीं तो तराजू सोडील त्या क्षणीं तो आपलेंच नांव सोडील. फलाटावरील प्रश्नालाही हेंच उत्तर. डबा निराळा आहे, कारण सामान्य डबा अजून खऱ्या अर्थानें सामान्य झालेला नाहीं. ज्या दिवशीं डोंबिवलीची मुलगी कोणत्याही दारानें निर्धास्त आंत शिरेल, आणि ज्या दिवशीं त्या दारांत कोणाच्याही मुलाला जीव मुठींत धरून लोंबकळावें लागणार नाहीं, त्या दिवशीं डब्यावरील ती पाटी आपोआप उतरेल. ती उतरविण्याचें काम दोघांचें आहे.