मित्राची तलफ आणि आपण

दहावीतला एक मुलगा तंबाखू सोडतो. तिसऱ्या दिवशी तो चिडचिडा होतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि पुन्हा पुडी उघडतो. ‘याचा निश्चयच कच्चा,’ असे म्हणून मित्र दूर होतात. पण दोष खरेच निश्चयाचा आहे का?

निकोटिन मेंदूतील ठरावीक ग्राहींना चिकटते. त्यामुळे डोपामिन स्रवते व बरे वाटते. रोजच्या सेवनाने हे ग्राही वाढतात. तंबाखू थांबली की ते रिकामे राहतात आणि तलफ येते. रक्तातले निकोटिन सुमारे २ तासांत निम्मे होते, म्हणून ती वारंवार येते. पहिला आठवडा सर्वांत कठीण. ३-४ आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते.

मित्राचे काम नेमके या मिनिटांत आहे. चिडला तर वाद न घालता सोबत फेरी मारावी. पुडीसाठी पैसे देऊ नयेत. पुन्हा खाल्लीच तर ‘कशामुळे?’ एवढेच विचारावे. बहुतेकांना अनेक प्रयत्न लागतात. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

व्यसन दारूचे असेल तर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एकदम सोडायला लावू नये. झटके येऊन जिवावर बेतू शकते.