कढईतली कॅनेलोनी

इटलीतला पास्ता ड्युरम गव्हाचा. मराठवाड्यात शेवयांना लागणारा बन्सी गहू त्याच जातीचा. म्हणून जालन्यात कॅनेलोनीसाठी, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याच्या गुंडाळ्यांसाठी, पाकीट शोधत बसू नका. बन्सीचा बारीक रवा घट्ट मळून तासभर झाकून ठेवा, पातळ लाटा, चौकोन कापून 2 मिनिटं मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढा. सारणाला रिकोटाऐवजी घरचं पनीर. 1 लिटर म्हशीच्या दुधाचं साधारण 200 ग्रॅम निघतं. ते हाताला ओलसर लागलंच पाहिजे, कोरडं पनीर भाजल्यावर रवाळ होतं. किसलेलं चीज, मिरपूड घालून गुंडाळ्या करा. खाली-वर टोमॅटोचा पातळसर रस्सा भरपूर ओता, नाहीतर कडा कडक होतात. ओव्हन नसेल तर केकसारखंच करा: जाड कढईत मीठ तापवून, वर डबा ठेवून, झाकणाखाली अर्धा तास.