जुन्या व्हॅनच्या गिअरबॉक्समधील तेलगळती व तिची दुरुस्ती

भाजीच्या पाट्या, दुधाचे कॅन अथवा खताचीं पोतीं वाहण्यासाठीं मारुतीची जुनी व्हॅन अजूनही पुष्कळ शेतकरी बाळगून आहेत. पुढें ओमनी या नांवानें ओळखली गेलेली ही गाडी १९८४ पासून २०१९ पर्यंत निघत असे. आतां ती नवी मिळत नाहीं. तेव्हां जी दारांत आहे तीच जपणें प्राप्त आहे. या गाडीच्या एका नेहमींच्या दुखण्याविषयीं, म्हणजे गिअरबॉक्समधील तेलगळतीविषयीं, आम्ही येथें चार शब्द लिहीत आहों.

सकाळीं गाडीखालीं तेलाचा डाग दिसला तरी "थेंबभर गेलें तर काय बिघडलें?" असें म्हणणारे पुष्कळ. इंजिनांतील तेल काडीनें पाहतां येतें व त्यासाठीं धोक्याचा दिवाही असतो. या गिअरबॉक्सला काडीही नाहीं व दिवाही नाहीं. तेल आटत जातें, बेअरिंगें व दांते कोरडे पडतात, आणि घरघर ऐकूं येऊं लागते तोंवर झीज होऊन गेलेली असते. जें काम एका सीलाच्या किमतींत व्हावयाचें, तें मग सबंध गिअरबॉक्सवर जातें.

गळती कोठून होते?—ओल्या जागेवरून गळतीची जागा ठरवूं नये. कारण वाऱ्यानें तेल मागें पसरतें. गिअरबॉक्स बाहेरून डिझेल व ब्रशनें स्वच्छ धुवून पुसावा, पांच-दहा किलोमीटर गाडी चालवावी आणि इंजिन व सायलेन्सरची नळी निवल्यावर पाहावें. सर्वांत वर जेथें ओल दिसेल तेंच मूळ. पाहावयाच्या जागा पुढीलप्रमाणें:

(१) ब्रीदर.—आंतील तापलेली हवा येथून बाहेर जाते. हें तोंड चिखलानें बुजलें म्हणजे दाब वाढून तेल चांगल्या सीलांतूनही बाहेर पडतें. म्हणून पहिलें काम हेंच. यास खर्च कांहीं नाहीं.

(२) प्लग.—वायसर जुना झाला असल्यास बदलावा. प्लग जोरानें आवळूं नये. पेटी ॲल्युमिनियमची असल्यानें आटे जातात.

(३) स्पीडोमीटरच्या केबलची जागा.—तेथील रबराचें कडें कडक झालें कीं तेल झिरपतें.

(४) मागील सील.—प्रॉपेलर शाफ्टचें टोक जेथें आंत शिरतें ती जागा.

(५) इंजिन व गिअरबॉक्स यांचा सांधा.—येथील तेल इंजिनाचेंही असूं शकतें. गिअरचें तेल दाट असून त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. तें क्लचप्लेटवर गेल्यास भरलेली गाडी चढावर दम सोडते. म्हणून येथील गळती अंगावर काढूं नये.

जिवाची काळजी.—केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. दगड-विटांचा आधारही घेऊं नये. त्या भाराखालीं अकस्मात फुटतात. लोखंडी घोड्या सपाट, टणक जमिनीवर लावाव्या. या गाडीचा हातब्रेक मागील चाकांस लागतो. तीं उचललीं म्हणजे त्याचा उपयोग राहत नाहीं, आणि प्रॉपेलर शाफ्ट काढल्यावर गिअरही गाडी धरून ठेवीत नाहीं. यास्तव पुढील चाकांस दोन्ही बाजूंनीं लांकडी पाचरी मारणें अवश्य आहे.

मागील सील बदलणें.—आधीं तेल भरण्याचा वरचा प्लग सुटतो कीं नाहीं तें पाहावें, मगच खालचा उघडावा. तेल निघून गेलें आणि वरचा प्लग गंजून बसला असेल, तर गाडी जागेवरच अडकून राहते. निघालेलें तेल बोटांवर घेऊन पाहावें. बारीक करडा लगदा ही नेहमींची झीज होय. धातूचे कपचे अथवा दांत्याचा तुकडा निघाल्यास नुसतें सील बदलून भागणार नाहीं, गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

शाफ्ट काढण्यापूर्वीं त्याच्या मागील जोडावर रंगाची खूण करावी व बसवितांना खुणेवर खूण आणावी. नाहींतर तोल बिघडून गाडी थरथरूं शकते. जुनें सील काढतांना त्याच्या बैठकीवर ओरखडा उठूं देऊं नये. नव्या सीलाच्या ओठाची, म्हणजे स्प्रिंगची, बाजू तेलाकडे ठेवावी. ओठास गिअरचें तेल लावावें. आणि कडेवर सपाट लांकूड ठेवून चोहोंकडून सारखें ठोकीत तें सरळ बसवावें.

येथें एक गोष्ट पुष्कळदां राहून जाते. शाफ्टच्या टोकावर सीलानें खोबण पाडली असेल, किंवा टोक आंत घालून हलविल्यास खालीं-वर खेळत असेल, तर दोष सीलाचा नव्हे. पहिल्या प्रकारीं टोक व दुसऱ्या प्रकारीं आंतील बुश बदलल्यावांचून नवें सीलही थोड्याच दिवसांत गळूं लागेल. पुढील सीलासाठीं मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तें काम कारागिराकडूनच करवावें, व त्याच मजुरींत क्लचप्लेटही पाहून घ्यावी.

तेल.—गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच तेल घालावें. जीएल-४ सांगितलें असतां "अधिक भारी" म्हणून जीएल-५ घालूं नये. त्यांतील कांहीं तेलें आंतील पितळी कड्यांस बाधतात. गाडी समतल उभी करून, भरण्याच्या भोकाच्या खालच्या कांठापर्यंत तेल आलें म्हणजे पुरे. जास्त भरलें तरी गळती होते.

काढलेलें तेल बांधावर, ओढ्यांत अथवा विहिरीजवळ ओतूं नये. तें डब्यांत भरून जुनें तेल घेणाऱ्यास द्यावें. तेलानें भिजलेल्या जमिनींत पीक धड येत नाहीं. शेवटीं, काम केल्याची तारीख, किलोमीटरचा आंकडा व घातलेलें तेल वहींत टिपून ठेवावें, आणि आठ दिवसांनीं पुन्हां गाडीखालीं एक नजर टाकावी. जागा कोरडी असेल तरच काम पुरें झालें असें समजावें.