लाठीचा वळ कागदावर यायलाच हवा

परभणीत 10 डिसेंबर 2024 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक रस्त्यावर उतरले, मग धरपकड झाली. अटकेतल्या सोमनाथ सूर्यवंशीचा 15 डिसेंबरला कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदनात कारण आलं: अनेक जखमांमुळे शॉक. या अहवालाने त्याच्या आईच्या लढ्याला आधार दिला. 2025 मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला.

पोलिसांची मारहाण झाली की आपण मोर्चा काढतो, बंद पाळतो. ते करूच. पण आया-बहिणींनो, आधी जखमीला सरकारी दवाखान्यात न्या. हळद-तेल लावून घरी ठेवू नका. मुका मार वरून कळत नाही. उलट्या, गुंगी, लघवी कमी होणं किंवा काळ्या चहासारखी होणं ही धोक्याची लक्षणं आहेत. मार लागून स्नायू खराब झाले की किडनी निकामी होऊ शकते.

कोणी, कशाने, केव्हा मारलं, ते डॉक्टरांना सांगा आणि एमएलसी करायला लावा. वळांचे फोटो त्याच दिवशी काढा, दोन दिवसांनी पुन्हा काढा.

अटक झाली तर वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे. बाईची तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली व्हावी. अहवालाची प्रत अटकेतल्या माणसाला किंवा तो सांगेल त्याला मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 53 तसं सांगतं. 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेतात, तिथे मार लागल्याचं न घाबरता सांगा.

या कामासाठी वस्तीतली चार माणसं आम्ही आधीच ठरवून ठेवतो. तुम्हीही ठेवा.