सी भाषेतील मराठी मजकूर आणि जी-लिब : एक परिचय

प्रस्तावना

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत विकसित केली. तिची प्रमाण लायब्ररी हेतुतः लहान ठेवण्यात आली आहे. वाढणारी यादी, हॅश टेबल, आपोआप लांबणारी स्ट्रिंग या नित्य गरजेच्या रचना तीत नाहीत. त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामरला त्या स्वतः लिहाव्या लागतात. ही उणीव भरून काढणाऱ्या लायब्ररींमध्ये जी-लिब ही प्रमुख होय. प्रस्तुत लेखात तिच्या स्वरूपाचा, विशेषतः मराठी मजकुराच्या संदर्भातील तिच्या उपयोगाचा व मर्यादांचा विचार केला आहे.

उगम व स्वरूप

स्पेन्सर किम्बॉल व पीटर मॅटिस यांनी बर्कली येथे विद्यार्थी असताना गिम्प हा चित्रसंपादक तयार केला. त्याच्या खिडक्या व बटणे यांसाठी जीटीके निर्माण झाले. त्यातील चित्रांशी संबंध नसलेला, कोणत्याही प्रोग्रामला उपयोगी पडेल असा भाग वेगळा काढण्यात आला; तोच जी-लिब. २००२ मध्ये तिची २.० ही आवृत्ती आली. ती एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून क्यूईएमयू, वायरशार्क यांसारखे चित्रांशी संबंध नसलेले प्रकल्पही तिचा वापर करतात.

एकेरी व दुहेरी लिंक्ड लिस्ट, हॅश टेबल, संतुलित वृक्ष, त्रुटी कळविण्याची एकसमान पद्धत, थ्रेड व घटनाचक्र असे तिचे घटक आहेत. अध्यापनाच्या दृष्टीने तिच्या यादीचे वर्तन बोधप्रद आहे. यादीच्या शेवटी घटक जोडताना प्रत्येक वेळी संपूर्ण यादी ओलांडावी लागते. म्हणून पुष्कळ घटक असल्यास ते प्रारंभी जोडून शेवटी यादी उलटी करणे श्रेयस्कर ठरते. वर्गात शिकविलेली कालजटिलता येथे व्यवहारात दिसते.

मराठी शब्दाची लांबी

सी भाषेत स्ट्रिंग म्हणजे शून्य बाइटने संपणारी बाइटांची मालिका. इंग्रजीत एक अक्षर एका बाइटात मावते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. नाशिक जिल्ह्यातील ‘त्र्यंबकेश्वर’ हे नाव घेऊ. स्ट्रलेन हे प्रमाण फंक्शन त्याची लांबी ३९ सांगते. जी-लिबमधील जी_यूटीएफ८_स्ट्रलेन १३ सांगते, कारण ते हलन्त, मात्रा व अनुस्वार धरून युनिकोड संकेत मोजते. वाचकाला मात्र त्र्यं, ब, के, श्व, र अशी पाचच अक्षरे दिसतात.

हा फरक केवळ तात्त्विक नाही. गावाच्या नावासाठी २० बाइटांची ॲरे राखून एसएनप्रिंटएफने नाव भरले, तर पहिले १९ बाइट राहतात. त्यांत ‘त्र्यं’ एवढाच पूर्ण भाग येतो आणि ‘ब’ चा पहिला बाइट सुटा उरतो. इंग्रजी नावांवर तपासलेला प्रोग्राम निर्दोष वाटतो. मराठी यादी येताच नावे विद्रूप होतात. जी_यूटीएफ८_व्हॅलिडेट हे फंक्शन असा तुटलेला बाइट ओळखते. जी_यूटीएफ८_सबस्ट्रिंग संकेतांच्या सीमेवरच शब्द कापते. प्रमाण सी मध्येही बहुबाइट फंक्शने आहेत. परंतु ती लोकेलवर अवलंबून असल्याने एकाच प्रोग्रामचे वर्तन यंत्रागणिक बदलू शकते.

मर्यादा

संकेताची सीमा म्हणजे अक्षराची सीमा नव्हे. वरील नावाचे पहिले पाच संकेत घेतल्यास ‘त्र्य’ उरते व अनुस्वार गळतो. अक्षरसीमा ठरविण्याचे काम जी-लिब करीत नाही; ते तिच्यावर आधारलेल्या पँगो या मजकूर-मांडणीच्या लायब्ररीकडे आहे.

दुसरी अडचण खास मराठीची आहे. ‘वऱ्हाड’ मधील अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो : ऱ व हलन्त यांनी, किंवा र, हलन्त व झेडडब्ल्यूजे हा अदृश्य जोडसंकेत यांनी. पहिल्या प्रकारात या शब्दाचे सहा संकेत होतात, दुसऱ्यात सात. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु हॅश टेबल बाइटांची तुलना करीत असल्याने त्यांच्या दोन वेगळ्या नोंदी होतात. युनिकोडच्या प्रसामान्यीकरणातही ही रूपे समतुल्य मानलेली नाहीत. त्यामुळे जी_यूटीएफ८_नॉर्मलाइझ वापरूनही शोध फसतो. अशा वेळी नोंद करतानाच एक रूप निश्चित करण्याचा नियम प्रोग्रामरने स्वतः घालून द्यावा लागतो.

निष्कर्ष

लिंक्ड लिस्ट स्वतः लिहिण्याला पर्याय नाही, कारण पॉइंटरची समज त्यातूनच येते. तथापि ती लिहून झाल्यावर विद्यार्थ्याने जी-लिबमधील तीच रचना वाचावी व दोहोंची तुलना करावी. प्रयोगवर्गातील चाचणी-माहितीत जिल्ह्यातील गावांची मराठी नावे ठेवल्यास बाइट, संकेत व अक्षर यांतील भेद व्याख्येविनाही लक्षात येईल. यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची आवश्यकता नाही. एका प्रयोगातील माहिती बदलणे पुरेसे आहे. मराठीत नाव नोंदविणाऱ्या व्यक्तीचे नाव अखंड राहावे, ही अपेक्षा माफक आहे; तिची पूर्तता प्रोग्रामरच्या शिक्षणावर अवलंबून आहे.