अपडेटनंतर लॅपटॉपचे वाय-फाय बंद : कार्ड जळाले असे लगेच मानू नका

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील बाजारपेठांत आता लहान दुकानदाराच्या गल्ल्यावरही लॅपटॉप दिसतो. बिले, उधारीचा हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे ही सर्व कामे त्यावरच होतात. यातील पुष्कळसे लॅपटॉप सेकंडहँड असतात. मोठ्या कंपन्यांनी काही वर्षे वापरून काढलेले हे यंत्र कामाला चांगले असते व किंमतही परवडते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला, तेव्हापासून अशा जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चढविण्याची घाई सुरू झाली. आणि येथेच एक अडचण उभी राहते. रात्री अपडेट लावले, सकाळी पाहावे तर वाय-फायचे चिन्हच गायब!

नोकरदार माणूस अशा वेळी दोन दिवस थांबू शकतो, व्यापाऱ्याला ते जमत नाही. बऱ्हाणपूर आपल्याला जवळचे असले तरी ते मध्य प्रदेशात आहे. तिकडे ५० हजार रुपयांवरील माल पाठवायचा तर ई-वे बिल लागते. (महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे.) टेम्पो भरून दारात उभा आणि लॅपटॉपला इंटरनेट नाही, म्हणजे भाडे चढत राहते. खामगावच्या चांदी कारागिरांना दागिन्यांसाठी ई-वे बिल लागत नाही, पण विवरणपत्र त्यांनाही चुकत नाही. दरमहा भरणाऱ्यांना ११ तारखेला जीएसटीआर-१ व २० तारखेला ३-बी. उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये, निरंक विवरणपत्रास २० रुपये. या घाईत कोणी "कार्ड जळाले" असे सांगितले की आपण विचार न करता पैसे मोजतो. वास्तविक अपडेटच्या दुसऱ्याच दिवशी वाय-फाय गेले असेल तर कार्ड शाबूत असण्याचीच शक्यता अधिक असते.

याचे कारण समजून घेऊ. बाजार समितीत शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामध्ये अडत्या असतो. लॅपटॉपमध्येही विंडोज ही मुख्य प्रणाली आणि वाय-फायचे कार्ड यांच्यामध्ये असाच एक अडत्या असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्डाला स्वतःचे काम कसे करावे याच्या सूचना लागतात, त्या सूचनांना फर्मवेअर म्हणतात. बहुतेक वाय-फाय कार्डांत हे फर्मवेअर कायमचे साठविलेले नसते; लॅपटॉप सुरू होताना ड्रायव्हर ते दरवेळी कार्डात उतरवितो. याखेरीज लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावरील चिपमध्ये आणखी एक फर्मवेअर असते, त्यास बायोस म्हणतात. कार्डाला वीज देणे, झोपविणे, पुन्हा जागे करणे यात या बायोसचा हात असतो.

अपडेटमध्ये विंडोज नवी येते, बरेचदा ड्रायव्हरही नवा येतो. पण बायोस मात्र पाच-सात वर्षांपूर्वीचाच राहतो. पहिल्या मालकाने तो कधी बदललेला नसतो आणि विकणाराही त्याकडे पाहत नाही. नवा अडत्या नव्या रिवाजाने बोलतो, जुन्या वहीत तो रिवाजच नाही. मग कार्ड सुरूच होत नाही, किंवा लॅपटॉप झोपेतून उठला की नाहीसे होते. कधी याच्या उलट होते. विंडोज नवी आणि ड्रायव्हर व त्यातील फर्मवेअर जुने राहते. परिणाम तोच.

प्रथम त्या दिवसाचे काम भागवावे. मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. केबल मात्र केवळ चार्जिंगची नसावी, डेटा जाणारी असावी. अँड्रॉइड मोबाइलचे इंटरनेट वाय-फायशिवाय लॅपटॉपवर येते. राउटर दुकानातच असेल तर त्याची लॅनची तार थेट लॅपटॉपला लावली तरी चालते. टेम्पो रवाना होऊ द्या, मग दुरुस्तीला बसा.

आता दोष नेमका कोठे आहे ते पाहावे. मोबाइललाही दुकानाचे वाय-फाय मिळत नसेल तर दोष राउटरचा किंवा लाइनचा आहे. मोबाइलला मिळते आणि लॅपटॉपला नाही, तर विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अडॅप्टर्स या यादीत पाहा. तेथे वाय-फायच्या कार्डाचे नाव आहे पण त्यावर पिवळा त्रिकोण आहे आणि आत कोड १० असे काही लिहिले आहे, तर कार्ड सापडते आहे पण सुरू होत नाही, असा त्याचा अर्थ. असे दिसल्यास बहुधा ड्रायव्हर-फर्मवेअरचाच मामला असतो.

पुष्कळांना ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. विंडोजमध्ये 'शट डाउन' केल्याने यंत्र पूर्ण बंद होतेच असे नाही. फास्ट स्टार्टअप नावाच्या सोयीमुळे ते अर्धवट झोपते आणि कार्डाची बिघडलेली अवस्था तशीच राहते. म्हणून 'रीस्टार्ट' करावे. तरीही जमले नाही तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, बॅटरी निघणारी असल्यास तीही काढावी आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून ठेवावे. एवढ्यानेही अनेक कार्डे पुन्हा जागी होतात. खर्च शून्य!

हे निष्फळ ठरले तर कार्डाच्या नावावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज, नंतर ड्रायव्हर, तेथे 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबता येत असेल तर जुना ड्रायव्हर परत आणावा. नसेल तर लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, तळाशी चिकटविलेल्या मॉडेल क्रमांकानुसार, ड्रायव्हर उतरवून घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' असे सांगणाऱ्या भलत्या ठिकाणांच्या नादी लागू नये.

बायोसचे अपडेटही त्याच संकेतस्थळावर मिळते. पण ते करताना सावध राहावे. हे काम चालू असताना वीज गेली आणि बॅटरी उतरलेली असली तर लॅपटॉप पुन्हा सुरूच होणार नाही, असे होऊ शकते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला असताना, दुकान बंद झाल्यावर हे काम करावे. दुसरा धोका याहून मोठा आहे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला असेल तर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. बायोस बदलताच ती ४८ अंकांची चावी मागते. ही बिटलॉकरची चावी बहुधा त्या खात्यातच साठविलेली असते. खाते ज्याने उघडले तो दुकानातून निघून गेलेला मुलगा असेल तर मोठी पंचाईत! टॅलीतील वर्षभराचा हिशेब आत आणि आपण बाहेर. चावी आधी कागदावर उतरवून तिजोरीत ठेवा, हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, बिटलॉकर तात्पुरते थांबवा, मगच बायोसला हात लावा.

एवढा उपद्व्याप नको असेल तर मागे फिरण्याची वाटही आहे. विंडोजच्या नव्या आवृत्तीवर गेल्यापासून १० दिवसांच्या आत सेटिंगमधील रिकव्हरीतून जुन्या आवृत्तीवर परतता येते. मात्र जागा मोकळी करण्यासाठी जुन्या विंडोजच्या फाइली पुसल्या असतील तर ही वाट बंद होते.

प्रत्येक वेळी दोष आपल्या जुन्या यंत्राचाच असतो असेही नाही. जून २०२२ च्या अपडेटनंतर अनेक संगणकांवरून वाय-फाय हॉटस्पॉट देणे बंद पडले. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटमुळे काही वाय-फाय कार्डे विशेषतः कचेऱ्या व महाविद्यालयांच्या जाळ्याला जोडली जाईनात. दोन्ही वेळा मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला व पुढे दुरुस्त केला. आपला नवा लॅपटॉपही अपडेटनंतर अडला आणि तशाच यंत्राची तक्रार इतरांकडूनही ऐकू आली, तर अपडेट काढून काही दिवस थांबणे हेच शहाणपणाचे.

उबुंटू वापरणाऱ्यांकडे हा प्रश्न थोडा वेगळा असतो. तेथे फर्मवेअर स्वतंत्र फाइलच्या रूपात असते. प्रणालीचा गाभा नवा झाला आणि ही फाइल जुनी राहिली की कार्ड गप्प बसते. केबलने इंटरनेट देऊन लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज नवे केले की बहुधा काम होते.

हे सर्व करूनही यादीत कार्डाचे नावच दिसत नसेल तर मात्र कार्ड गेले असे समजण्यास जागा आहे. तरी नवे कार्ड घेण्यापूर्वी एक विचारून घ्या. काही जुन्या लॅपटॉपांचा बायोस कंपनीने मान्य केलेलीच कार्डे स्वीकारतो. दुसरे बसविले की यंत्र सुरू होतानाच अडते. त्यापेक्षा यूएसबीत खोचायचा छोटा वाय-फाय अडॅप्टर काहीशे रुपयांत मिळतो, आणि तो उद्या दुसऱ्या लॅपटॉपलाही लावता येतो. घेताना त्यावर विंडोज ११ चे नाव छापलेले आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.