छातीवरचं कापड

पॉवरलिफ्टिंगमधल्या बेंच प्रेसचा (बाकावर उताणं झोपून छातीवरून बार उचलण्याचा) शर्ट एकट्याला अंगात चढवता येत नाही. खेळाडू दोन्ही हात पुढे करून उभा राहतो, दोघं जण एकेक बाही वर ओढतात आणि तिसरा पाठीमागून कापड सरकवत नेतो. दंडांना आधी टाल्कम पावडर चोळलेली असते. शर्ट बसला, की हात समोर उचललेलेच राहतात. ते खाली सोडायचे म्हटले, तरी कापड सोडू देत नाही. हे सगळं मी पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा कपाळाला आठ्याच पडल्या होत्या: ताकदीच्या खेळात कापडाचं काय काम? पुढे बरीच वर्षं हा खेळ पाहिल्यावर मत बदललं. पूर्ण नाही, पण बरंच.

आपल्या नेहमीच्या शर्टाची बाही खांद्यापासून खाली उतरते. बेंच शर्टाची बाही पुढच्या बाजूला वळवून जोडलेली असते आणि छातीवरचा भाग मुद्दाम तोकडा, ताठ ठेवलेला असतो. उताणं झोपून बार खाली आणू लागलं, की कोपरं बाजूला जातात, छातीवरचं कापड ताणलं जातं आणि दाबलेल्या स्प्रिंगसारखं बारला वर ढकलू लागतं. ही मदत बार छातीजवळ असताना सर्वांत जास्त मिळते. वर जाता जाता ती ओसरते आणि शेवटची वीत दंडाच्या मागच्या स्नायूंनाच रेटावी लागते. म्हणून शर्ट वापरणारे खेळाडू छातीवर लाकडी फळ्या ठेवून, त्यांच्यावरून बार उचलण्याचा निराळा सराव करतात.

मात्र घट्ट शर्टात हलकं वजन छातीपर्यंत पोचतच नाही. कापड ताणून बार खाली आणायलाही वजन लागतं आणि तो आणावा लागतो पोटाच्या वरच्या अंगाला, ठरावीक रेषेत. रेषा दोन बोटं चुकली, तर बार तोंडाकडे किंवा पोटाकडे झेपावतो. शर्ट घातला की कोणीही वजन उचलेल, असं म्हणणाऱ्याने एकदा तो घालून पाहावा.

या शर्टाचा जनक म्हणून टेक्सासच्या जॉन इन्झर यांचं नाव घेतात. 1983च्या सुमारास त्यांनी पहिला शर्ट आणला. खांद्याला आधार मिळावा, ही त्यामागची एक भूमिका होती. खांदे वाचले तसे आकडेही वाढले आणि आकडे वाढू लागल्यावर शिवणकामाला स्पर्धेचं रूप आलं. टेक्सासमधल्याच टायटन सपोर्ट सिस्टिम्सने इन्झरच्या ‘ब्लास्ट’ आणि ‘रेज’समोर ‘फ्युरी’, ‘एफ सिक्स’, ‘कटाना’, ‘सुपर कटाना’ असे शर्ट उभे केले. फिनलंडहून ‘मेटल’ ही कंपनी आली. तिचे संस्थापक आनो तुर्तिआइनेन स्वतः पॉवरलिफ्टर होते. जाहिरातींत शर्टांची नावं तलवारीची आणि स्फोटाची असली, तरी खरी चढाओढ चालते ती बाही किती अंशांत वळवायची, कापड किती ताठ विणायचं आणि गळा किती खाली आणायचा यावर. मला या चढाओढीचं मनापासून कौतुक आहे. शिंप्याच्या कसबाला इतका मान देणारे खेळ फार नाहीत.

कसबाला लगाम हवा, म्हणून नियम आले. 1972 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघात (आयपीएफ) शर्ट एकपदरीच लागतो. मंजूर यादीतल्या कंपनीचा, मंजूर नमुन्याचाच शर्ट चालतो. यादीत येण्यासाठी कंपनीला अर्ज करून शुल्क भरावं लागतं, त्यामुळे यादीला बाजाराचंही महत्त्व आहे. यादीबाहेरचा शर्ट कितीही चांगला असो, जागतिक स्पर्धेत त्याला जागा नाही. मनगटाच्या पट्टीलाही कमाल माप आहे: लांबी 1 मीटर, रुंदी 8 सेंटिमीटर. बार धरताना दोन्ही तर्जन्यांमधलं अंतर 81 सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये.

सगळ्यांनीच हा लगाम मानला नाही. अमेरिकेत एर्नी फ्रान्ट्झ यांच्या पुढाकाराने वेगळ्या संघटना निघाल्या आणि त्यांच्या वाटेने दुपदरी, बहुपदरी, जीनच्या कापडाचे, पाठीवर उघडे शर्ट आले. आकडे कुठल्या कुठे गेले. 1981 साली बिल कॅझमायरने शर्टाशिवाय 300 किलो उचलले, तेव्हा ते अचाट वाटलं होतं. 2004 साली जीन रिचलॅकने शर्टात 1005 पौंड, म्हणजे सुमारे 456 किलो उचलून हजार पौंडांची वेस ओलांडली. 2023 साली जिमी कोल्बने 1401 पौंड उचलले. किलोत ते 635च्या वर जातात. ज्युलियस मॅडॉक्सचा 2021 सालचा शर्टाविना विक्रम आहे 355 किलोंचा.

कोल्ब आणि मॅडॉक्स यांच्या आकड्यांमधल्या 280 किलोंपाशी मी नेहमी थांबतो. दोन्ही माणसं विलक्षण बलवान आहेत, पण दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहिणं दोघांवरही अन्याय करणारं आहे. कोणतं कापड, किती पदर, कोणती संघटना, हे सांगितल्याशिवाय बेंच प्रेसचा विक्रम छापूच नये, असं माझं ठाम मत आहे. आपल्या वर्तमानपत्रांत ही चूक वारंवार होते.

महासंघाने बंदीपेक्षा शहाणा मार्ग निवडला. शर्टाविना खेळणाऱ्यांसाठी वेगळा ‘क्लासिक’ गट केला आणि त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 2013 साली रशियातल्या सुझ्दाल इथे भरवली. महागडा शर्ट आणि तो चढवणारी माणसं ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना दार उघडलं. दिव्यांगांच्या पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये तर बेंच प्रेस हा एकच प्रकार असतो आणि तिथे आधार देणारा शर्ट चालतच नाही. 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या सुधीरने जिंकलेलं सुवर्णपदक अशा नुसत्या हातांच्या जोरावरचं आहे.

कापडाचा प्रश्न असा मार्गी लागला, तसा वाद अंतरावर येऊन ठेपला. पाठीची मोठी कमान आणि रुंद पकड यांमुळे काहींचा बार जेमतेम चार बोटं हलत होता. 1 जानेवारी 2023 पासून महासंघाने नवा नियम लागू केला: बार खाली आल्यावर कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीला किंवा तिच्याखाली आलीच पाहिजे. हा नियम शर्टवाल्यांनाही आहे. आधीच कापड खाली येऊ देत नाही, त्यात आता कोपरंही उतरवायची. फार ताठ शर्ट निवडणाऱ्याला तो इथेच महागात पडतो. कंपन्यांना आता जोराबरोबर खोलीचाही हिशेब ठेवावा लागतो.

आणि स्पर्धेआधीच्या तपासणीच्या टेबलाशी पंच शर्ट उलटा करून पाहायचे. घट्ट करण्यासाठी घातलेली चुणी किंवा टीप आतल्या बाजूने असेल तर चालते. बाहेरून दिसली, की शर्ट बाद होतो. रांगेतला खेळाडू तोवर श्वास रोखून त्यांच्या बोटांकडे बघत उभा असायचा.